अध्यक्षांचं जॅकेट

उदारमतवादी पक्षाच्या युवा शाखेची मी अध्यक्ष. ‘विरोधकांनाही बोलू द्या’ ही पोस्टर्स लावताना आमचा चिटणीस थंडीनं कुडकुडत होता, म्हणून मी माझं जॅकेट त्याला दिलं. पाठीवर ठळक अक्षरांत ‘अध्यक्ष’ लिहिलेलं. धुक्यात मारेकऱ्यांनी मागून वार केले. तो जागीच गेला. तेव्हापासून मी भिंतीला पाठ टेकवूनच बसते. आज सभेआधी त्याच्या आई कार्यालयात आल्या. जॅकेट धुऊन, शिवून, घडी घालून आणलं होतं. “काकू, त्यांना मला मारायचं होतं.” मला रडू फुटलं. “ठाऊक आहे. धुताना पाठीवरचं वाचलं मी.” त्यांनी जॅकेट माझ्या अंगात चढवलं, गळ्यापर्यंत चेन ओढली. “चल, सभेला उशीर होतोय.” रस्त्यावर मी त्यांच्यासाठी थांबले, पण त्या शेजारी येईनात. “तू हो पुढं,” म्हणाल्या आणि सभागृहापर्यंत माझ्या पाठीला चिकटून चालत राहिल्या.