'आधी'चा फोटो

अमेरिकेतल्या डुलुथमध्ये घरांची छपरं बदलून देणाऱ्या व्हर्न लाहतीने वेबसाइट काढली, त्याला दीड वर्ष झालं. "काळं कुत्रंसुद्धा विचारत नाही तिला," बायको टोमणे मारायची. पण रोज सकाळी कुणीतरी न चुकता एकच पान उघडायचं. टेकडीवरचं पिवळं घर, छप्पर बदलण्याच्या 'आधी' आणि 'नंतर'.

गिऱ्हाईक घुटमळतंय, पान जरा नीटनेटकं करावं, म्हणून व्हर्नने 'आधी'चा फोटो काढून टाकला. कामाचा अंदाज द्यायला गेला तेव्हा काढलेल्या त्या फोटोत खिडकीत एक म्हातारी आली होती. छपराकडे कुणाचं लक्षच गेलं नसतं.

दुसऱ्याच दिवशी त्या घराच्या मालकाचा फोन आला. "तो फोटो परत लावा हो. खिडकीत माझी आई आहे. रोज तिलाच बघायला येतो मी."

व्हर्न ओशाळला. "लगेच लावतो. फार गोड बाई! आम्ही वर काम करायचो, तर रोज खिडकीतून हात हलवायच्या."





"साहेब, आई गेल्यावर घर रिकामं केलं, कुलूप लावलं, आणि मगच तुम्हाला काम दिलं होतं मी."