जुळणाऱ्या सदतीस जागा

सदतिसावी जागा सापडली तेव्हा तिने पडद्यावरचं चित्र थांबवलं आणि वहीत वेळ लिहिली. एका रकान्यात बाबांच्या सिनेमातली वेळ, शेजारच्या रकान्यात या नव्या सिनेमातली. परभाषेतल्या सिनेमांना मराठीत आणि इथल्या सिनेमांना परभाषेत सबटायटल लिहिण्यात तिची वीस वर्षं गेली होती. हा सिनेमाही त्याच कामासाठी तिच्याकडे आला होता आणि पाचव्या मिनिटालाच तिचं डोकं फिरलं होतं.

“बघा,” ती म्हणाली. “तीच रुग्णवाहिका, तीच नर्स, हातात तोच लोखंडी पाना. आणि आजारी माणसं अंगावर धावून येत नाहीत, रांग लावून येतात. जग बुडालं तरी रांग मोडत नाहीत! तुमच्याशिवाय कुणाला सुचलं असतं हे?”

बाबा खुर्चीत पाय वर घेऊन बसले होते. “जाऊ दे गं. मानवंदना असेल.”

“मानवंदना देणारा नाव घेतो, बाबा. ही धडधडीत नक्कल आहे.”

बाबांनी आयुष्यात पाच सिनेमे काढले, गाजला तो एकच. बाकीचे चार कधी आले नि कधी गेले, थिएटरवाल्यांनाही आठवत नसेल. पण त्या एकावर लोक अजून त्यांना रस्त्यात थांबवत. पुढच्या महिन्यात दिग्दर्शकांची संघटना त्यांचा सत्कार करणार होती आणि नेमकी आत्ताच ही कोण कुठली पोर त्याच सिनेमावर डल्ला मारत होती. आई गेल्यापासून बाबांजवळ तेवढंच उरलेलं. तेही कुणी पळवावं, या विचाराने तिचा जीव तळमळत होता.

तिने सिनेमा पुढे चालू केला. आता आलेला प्रसंग बाबांच्या सिनेमात नव्हता. कोरड्या पडलेल्या पोहण्याच्या तलावात आजाऱ्यांची रांग आणि रांगेत नर्सची आई. नर्स पाना उचलते, खाली करते. मग म्हणते, “आई, मागे जा. तुझा नंबर यायचाय अजून.”

ते वाक्य पडद्यावर येण्याआधीच बाबांच्या ओठांवर आलं होतं. मुरलेल्या कलावंताला पुढचं आधी दिसतं ते असं, असं वाटून तिचा ऊर भरून आला.

“सही करा ना,” तिने तक्रारीचा कागद पुढे केला. “आज दिला तरच संघटना प्रदर्शन थांबवेल.”

“नको. माझं नाव मध्ये आणू नकोस.”

केवढं मोठं मन! आपल्याला ते जमणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने वही उचलली आणि थेट त्या दिग्दर्शिकेचं ऑफिस गाठलं.

ऑफिस कसलं, छापखान्याच्या वरची एक खोली. दिग्दर्शिका जेमतेम तिशीची, विस्कटलेल्या केसांची. तिने खुर्चीवरचे रबराचे चार हात उचलून पाहुणीला जागा करून दिली, चहा ठेवला आणि वही शेवटच्या पानापर्यंत शांतपणे वाचली.

“सदतीस? माझ्या हिशोबाने एकेचाळीस आहेत, ताई.”

“आणि हे वर तोंड करून सांगतेस?”

“लपवायचं काय त्यात? नक्कल करणाऱ्याला वाटतं, मूळ सिनेमा कुणी बघू नये. मला वाटतं, लोकांनी आधी तो बघावा, मग माझा.” तिने चहाचा कप पुढे सरकवला. “पडद्यावर मूळ सिनेमाच्या नावाची पाटी सर्वांत आधी येणार आहे. तुमच्याकडे आली ती कच्ची प्रत होती. आणि शूटिंगच्या आधी मी मूळ दिग्दर्शकांना पत्र लिहून रीतसर परवानगी घेतलीय.”

पाहुणीचा सगळा राग जागच्या जागी विरला. म्हणजे बाबा परवानगी देऊन बसले होते आणि घरात चकार शब्द नाही! ती हसली, हसता हसता डोळे पुसू लागली.

“त्यांचं हे असंच. कुणाला काही दिलं तरी बोलायचे नाहीत. दाखव ना पत्र.”

दिग्दर्शिकेने कप उगाचच उचलला, परत ठेवला. “राहू दे, ताई. पाटीवर नाव बघालच.”

“अगं, दाखव की! मुलगी आहे मी त्यांची.”

दिग्दर्शिकेने खण उघडला आणि एक लिफाफा टेबलावर ठेवला. त्यावर परदेशी तिकीट होतं. आत निळ्या शाईत थरथरतं, अनोळखी अक्षर. भाषा परकी होती, पण ती वाचणं हेच तर तिचं काम होतं.

“अवश्य करा,” पत्रात लिहिलं होतं. “आधी विचारलंत, फार बरं वाटलं. तुमच्याच शहरातल्या एकाने तीस वर्षांपूर्वी माझा हा सिनेमा न विचारताच उचलला होता. ते गृहस्थ अजून आहेत का हो?”