सहा लाल ठोकळे

सहावा ठोकळा मनोऱ्यावर चढला, जरासा कलला आणि बसला. चिंगीच्या आईने मघापासून कोंडलेला श्वास सोडला. तिचे हात नियमाप्रमाणे टेबलाखाली होते, पण ओठ मात्र मुलीबरोबर एकेक ठोकळा मोजत होते. तपासनीस बाईंनी कागदावर खुणा केल्या. ठोकळे किती, हात कोणता, वेळ किती. चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलू दिली नाही.

त्यांचं कामच तसं होतं. फार लवकर जन्मलेल्या मुलांच्या मेंदूला इजा होऊ नये म्हणून या दवाखान्यात एका औषधाचा अभ्यास चालू होता. निम्म्या मुलांना जन्मल्याबरोबर ते औषध दिलं होतं, निम्म्यांना नाही. एक वर्षाचं आणि पुन्हा दोन वर्षांचं झालं की प्रत्येक मूल तपासनिसांच्या पुढ्यात यायचं. कुणाला औषध मिळालं, कुणाच्या डोक्यात काय झालं होतं, हे बाईंना मुद्दामच सांगितलं जात नसे. आईबापांनाही तशी ताकीद असे. कळलं की माणूस माया करतो, आणि मायेने वाढवलेले गुण उद्या जन्मणाऱ्या मुलांच्या मुळावर येतात. सहकारी त्यांना पाठीमागे दगडबाई म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

तशी ही मायलेकींची जोडी त्यांना दारातच विचित्र वाटली होती. पोरीच्या पायांत दोन मोजे होते आणि तिसरा डाव्या हातात. आईने तो घाईघाईने ओढून पर्समध्ये कोंबला. अंगठा चोखत असेल, बाईंनी मनाशी म्हटलं, आणि विषय सोडून दिला.

"आता मणी," चिंगी म्हणाली आणि तिने तळहात पुढे केला.

बाईंचं पेन थांबलं. मणी पेटीत होते आणि पेटीचं झाकण बंद होतं.

त्यांनी मणी काढलेच नाहीत. सगळ्यात शेवटी दाखवायचं चित्रांचं पुस्तक काढून समोर ठेवलं. चिंगीने मान हलवली. "आधी मणी," ती समजूत घातल्यासारखी म्हणाली. चूक बाईंची होती आणि ती पदरात घ्यायची तिची तयारी होती.

बाईंनी आईकडे पाहिलं. आई टेबलाकडे पाहत होती.

मग सगळं बाहेर आलं. मागच्या वर्षी, दुसऱ्या तपासनीस बाई होत्या तेव्हा, चिंगीने एकाही वस्तूला हात लावला नव्हता. याच पेटीतून एकेक वस्तू निघत होती आणि तशीच आत जात होती. आईने तो क्रम डोक्यात ठेवला. सुताराकडून उरल्यासुरल्या लाकडाचे तेवढेच ठोकळे कापून आणले. लाल रंग मिळेना तेव्हा नखांना लावायच्या रंगाच्या तीन बाटल्या त्यांवर रिकाम्या केल्या. वर्षभर सकाळी आंघोळीनंतर आणि संध्याकाळी दिवा लागला की हीच परीक्षा. घरात नणंद उठताबसता सांगायची, वहिनी, पदरी पडलं ते पवित्र झालं, आता आशा सोड. तिच्या हातात द्यायला आईला फक्त एक चांगला कागद हवा होता.

बाई संतापल्या. अकरा वर्षांत त्यांना असं कुणी फसवलं नव्हतं. पाठ करून आलेल्या मुलीचे गुण धरायचे, म्हणजे आईच्या मेहनतीचं श्रेय औषधाला द्यायचं, नाहीतर औषध न मिळालेल्यांची बाजू फुगवायची. दोन्हीकडून अभ्यासाचं वाटोळं. आणि तरी त्या ठोकळ्यांच्या लाल रंगाचा विचार त्यांच्या मनातून जाईना.

"ताई, हे गुण धरता येणार नाहीत," त्या म्हणाल्या, आणि कागदावर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत रेघ ओढली.

आईने ती रेघ पाहिली. म्हणजे नापास का, तिने विचारलं. इथे पास-नापास नसतं, मोजता आलं नाही एवढंच, बाईंनी सांगितलं. ते खरं होतं, पण त्यांचं त्यांनाच ते पोकळ वाटलं.

आई उठली. रडली नाही, वाद घातला नाही. तिने मुलीला कडेवर घेतलं आणि पर्समधून तो मोजा काढला. चिंगीने सवयीने डावा हात पुढे केला. आईने मोजा कोपरापर्यंत चढवून वर नाडी बांधली.

बाईंना राहवलं नाही. हे कशासाठी, त्यांनी विचारलं. आई घुटमळली. तुम्हाला काही सांगायचं नाही असं बजावलंय, म्हणाली. कागद आता रद्दच झालाय, सांगा, बाई म्हणाल्या.

"हा मोकळा राहिला की दुसऱ्याला ती कामच देत नाही, मॅडम. जन्मली तेव्हा डोक्यात डावीकडे रक्तस्राव झाला होता. उजव्या हाताची मूठ कधी उघडायचीच नाही, म्हणाले होते."

बाईंनी कागद पुन्हा ओढून घेतला. 'ठोकळे कोणत्या हाताने रचले?' असा एक रकाना होता. रद्दची रेघ त्याच्यावरूनही गेली होती. पण मघाशी, काही म्हणजे काही ठाऊक नसताना, त्यांनी स्वतःच्या अक्षरात तिथे लिहिलं होतं : उजव्या.