लाकडातला ठेका

महिना लागला की ब्वेनोस आयरेसमधल्या आमच्या गल्लीतल्या ज्यू बायका तोरा हा आमचा धर्मग्रंथ वाचायला जमतात; या खेपेला सासूबाईंकडे जमल्या. वाचन झालं, खारी मासळी फिरली आणि टेबलावर मुठी आपटत बिनशब्दांचं गाणं सुरू झालं. माझा वर्षाचा झेलिग हाकेला वळत नाही, हे कुणी मानत नव्हतं. त्याला टेबलावर बसवलं, तसा तोही ठेक्यात हात आपटू लागला. “बघ! म्हणे ऐकू येत नाही! शिकलेल्या आयांना नसते आजार दिसतात,” सासूबाई हसल्या. मला खरं काय ते बघायचंच होतं. मी त्याला उचललं. गाणं चालूच, हात थांबला. परत टेबलावर ठेवलं, पुन्हा सुरू. ठेका लाकडातून पोचत होता. सासूबाईंचं हसू मावळलं. बायका गायच्या थांबल्या. “थांबलात कशाला गं?” मूठ आवळत त्या म्हणाल्या, “जोरात आपटा. माझ्या नातवाला ऐकू द्या.”