आठवा प्रवासी

आठवा प्रवासी मिळाल्याशिवाय ट्यूनिसच्या तळावरून गावाकडची शेअर टॅक्सी सुटत नाही. सात जण आत बसून वाट बघत होते, त्यांत नजीबही होता. नजीबच्या गावी दुपारच्या नमाजानंतर त्याच्या आईला माती देणार होते. त्याने कुणाला काही सांगितलं नाही, जीभच उचलेना. शेजारच्या मशिदीत दुपारची अजान झाली. आता वेळेत पोहोचणं शक्य नव्हतं; त्याची घाई संपली. मग एक म्हातारी अंड्यांचा ट्रे सांभाळत आली. “माझ्यासाठी खोळंबलात का रे?” “छे मावशी, पिल्लं निघेपर्यंत थांबलो असतो!” ड्रायव्हर म्हणाला. सगळे हसले. “तू का गप्प, बाळा?” तिने नजीबला विचारलं. “आईचं दफन होतं. झालं असेल.” ड्रायव्हरने कपाळावर हात मारला. “अरे, मयतीसाठी मी तुला एकट्याला नेलं असतं!” म्हातारीने ट्रे नजीबच्या मांडीवर ठेवला. “दोन्ही हातांनी धर.” माती द्यायला निघालेल्या हातांनी रस्ताभर एकही अंडं फुटू दिलं नाही.