ओला रंग

जावयाच्या जुन्या ट्रॅक्टर-ट्रेलरच्या विक्रीच्या आवारात नानांनी एका ट्रेलरच्या पुढच्या दांड्याखालून हात फिरवला आणि त्यांची बोटं तिथंच थांबली. वरून दांडा आरशासारखा गुळगुळीत होता. खालच्या अंगाला मात्र एक आडवा उंचवटा हाताला लागला, या कडेपासून त्या कडेपर्यंत. दांडा मधोमध तुटलेला होता. कसाबसा जोडून वर पुट्टी थापली होती आणि पुट्टीवर हिरवा रंग. खालच्या बाजूला तो अजून पुरता वाळलाही नव्हता. शेंबडासारखा बोटांना चिकटून आला.

"डोळे झाकून न्या मामा," जावई म्हणाला. "तुमच्या गवत कापायच्या ट्रॅक्टरला याच्यासारखा ट्रेलर शोधून सापडायचा नाही. घरचा माणूस म्हणून सांगतोय."

"घरचा माणूस म्हणून," नाना म्हणाले.

"मग! परक्याच्या गळ्यात काय, काहीही मारता येतं."

त्याने नानांच्या खांद्यावर हात ठेवला. गरम, घामट हात. नानांनी अंग आक्रसून घेतलं आणि बोटं रुमालाला पुसली. रंग निघाला नाही, नुसता पसरला.

जिभेच्या टोकाशी आलेला शब्द त्यांनी गिळला. मागे एकदा चार गिऱ्हाइकांसमोर ते याच जावयाला लबाड म्हणाले होते, तर लेकीने वर्षभर त्यांचा फोन उचलला नव्हता. नातवाला पहिला दात आला, तो उभा राहिला, पाऊल टाकायला लागला, सगळं नानांना दुसऱ्यांच्या तोंडून ऐकावं लागलं.

"रुंदीला कमी पडतोय," ते म्हणाले. "माझ्या ट्रॅक्टरच्या पोटाखालचा पात्यांचा डबा चाकांच्या बाहेर येतो. कठड्याला घासेल."

"घासतोय कसला! अहो मामा, लोक यात—"

तेवढ्यात कचेरीच्या दारातून लेक चहा घेऊन आली. "नानांना तो कोपऱ्यातला राखाडी दाखवा," ती नवऱ्याला म्हणाली. "हा नको."

"अगं, राखाडी मी दुसऱ्या कुणाला—"

"हा नको म्हटलं ना."

जावई राखाडीकडे वळला. नानांचा जीव भांड्यात पडला. काही झालं तरी पोटची पोर. त्यांनी कप घ्यायला हात पुढे केला. कपाच्या कानाभोवती लेकीची बोटं होती आणि नखांच्या कडांना, कातडीच्या चिरांमध्ये हिरवा रंग बसला होता. ब्रश घेऊन तासभर काम केल्याशिवाय तो असा बसत नाही.

त्यांची नजर कुठे आहे ते तिने पाहिलं. हात मागे घेतला नाही.

"साखर कमीच घातलीय," ती म्हणाली. "तुम्हाला चालत नाही ना."

नानांनी घोट घेतला. साय ओठाला चिकटली. ती त्यांनी गिळली.

राखाडी ट्रेलर चांगला निघाला. दांडा एकसंध, टायर नवे, मागचा फाळका एका हाताने खाली येई आणि ट्रॅक्टर चढवायला चढही बेताचा. नानांनी दोन-दोनदा वाकून पाहिलं. खोट काढायला जागा नव्हती, याचाच त्यांना संताप आला. त्यांनी तो पसंत केला आणि गाडीला जोडायला घेतला.

तोवर एका नवरा-बायकोने आवारातला एक जुना, बारका ट्रॅक्टर घ्यायचं ठरवलं होतं. त्यांच्या गाडीत मागे दोन मुलं भांडत होती. जावई त्या दोघांना हिरव्या ट्रेलरपाशी घेऊन आला आणि म्हणाला, "तुम्हाला मी गिऱ्हाईक समजतच नाही."

बाई चाणाक्ष होती. तिने त्याचं बोलणं ऐकून घेतलं आणि सरळ नानांकडे आली.

"काका, मघाशी तुम्ही हा हिरवा बघत होता ना? मग घेतला का नाही?"

जावयाच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं. रिकामे कप गोळा करणारी लेक वाकल्या जागीच थांबली.

"रुंदीला कमी पडला," नाना म्हणाले. "माझा ट्रॅक्टर मोठा आहे."

"आमचा तर एवढासा आहे. आमचा बसेल ना यात?"

नानांनी त्या ट्रॅक्टरकडे पाहिलं, मग कठड्यांकडे.

"बसेल," ते म्हणाले.

आणि तो बसला. जावयाने स्वतः चढवून दाखवला.

नाना गाडीत बसल्यावर लेक खिडकीशी आली. त्यांच्या मनगटावर हात ठेवून हळूच म्हणाली, "पोचलात की फोन करा हं. आणि रविवारी पिल्लूला घेऊन येते. चार दिवस ठेवून घ्या हवं तर."

"बरं," नाना म्हणाले. मनगट सोडवून घ्यावंसं वाटत होतं. त्यांनी ते सोडवलं नाही.

फाटकातून त्या नवरा-बायकोची गाडी आधी बाहेर पडली. हिरव्या ट्रेलरवर ट्रॅक्टर पट्ट्यांनी आवळून बांधला होता आणि प्रत्येक खड्ड्यात दांडा थोडा खाली दबून वर येत होता. दोन्ही मुलं सीटवर उलटी गुडघे टेकून मागच्या काचेतून आपला ट्रॅक्टर बघत होती. धाकट्याने नानांना हात हलवून दाखवला. नानांनीही हलवला. मग रस्ता उताराला लागला, तसा त्यांनी ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला आणि मधलं अंतर वाढू दिलं.