मागे येण्याचं दार

बाबा पुन्हा त्याच स्क्रीनवर अडकले.

त्यांची मुलगी शेजारीच बसली होती. वही मांडीवर घेऊन वाट बघत राहिली. बाबांचा डावा अंगठा काचेच्या जरा वर थांबलेला, नजर खाली. एक मिनिट गेलं, दोन गेली.

"बाबा, मागे यायचंय ना? वर कोपऱ्यात बाण दिसतोय का?"

बाबांनी मान हलवली. ती मान आता कशालाही हलायची. चहा हवाय का? हो. नकोय का? तेही हो. पक्षाघाताचा झटका येऊन आठ महिने झाले होते. उजवा हात लुळा पडला होता, शब्द तर पारच गेले होते. "त्यांना सगळं समजतं," डॉक्टरांनी सांगितलं होतं, "पण त्यांच्या मान हलवण्यावर विसंबू नका."

म्हणून तर हे ॲप. बोलता न येणाऱ्या माणसांसाठीचं हे काम कंपनीत आलं तेव्हा तिने ते मागूनच घेतलं. पहिल्या स्क्रीनवर चार मोठी चित्रं: दुखतंय, हवंय, माणसं, राहायचं. चित्रावर बोट ठेवलं की आतली स्क्रीन उघडायची, तिथलं बटण दाबलं की फोन बोलायचा. वाक्यं तिने स्वतःच्याच आवाजात भरली होती. बाबा पाण्याचा पेला दाबायचे आणि फोनमधून तीच म्हणायची, "मला पाणी हवंय." दोघांना पहिल्या दिवशी हसू आलं होतं. बोलून झालं की फोन आपोआप पहिल्या स्क्रीनवर यायचा.

चौथं चित्र मात्र फक्त बाबांसाठी होतं, आणि ते भावाशी झालेल्या बोलण्यातून आलं होतं. धाकट्याने गावाबाहेर एक केंद्र शोधलं होतं. अशी माणसं तिथे राहतात, रोज बोलण्याचा सराव होतो. रविवारपर्यंत एक खोली राखून ठेवली होती.

"ताई, एकटी किती दिवस रेटणार आहेस?"

"रेटत नाहीये मी. माझे बाबा आहेत ते."

"माझेही आहेत."

"मग बाबांनाच ठरवू दे. घरी राहायचंय असं त्यांनी सांगितलं की हा विषय पुन्हा काढायचा नाही."

"कबूल. पण त्यांनी सांगायचं. तू नाही."

'राहायचं' उघडलं की दोन चित्रं होती, घर आणि केंद्र. घराच्या स्क्रीनवर बाबांची खुर्ची, खिडकी, तिचा फोटो. केंद्राच्या स्क्रीनवर भावाने पाठवलेले फोटो: खोली, झाडाखालचा बाक, टेबलाभोवती पत्ते खेळणारे चौघे. दोन्हीकडे खाली एकच बटण, 'हेच हवं'. कुठे झुकतं माप नको म्हणून तिने फोटोही सारख्याच आकाराचे ठेवले होते.

पण बाबा पहिल्याच फेरीत केंद्रात शिरायचे आणि तिथेच थांबायचे. मागे येऊन घर उघडणं काही त्यांना जमेना.

तीस वर्षं शहरात बस चालवलेला माणूस. डोळे बांधले तरी गाडी बरोबर डेपोत आणून लावेल, असं सोबतचे ड्रायव्हर म्हणायचे. तो आता दोन स्क्रीन आत गेला की हरवत होता. तिला ते बघवत नसे. चूक त्यांची नाही, आपण केलेल्या रस्त्याची आहे, असं ती स्वतःला बजावायची.

मंगळवारी तिने बाण काढून 'मागे' असं लिहिलं. बुधवारी बटण खाली, डाव्या अंगठ्याखाली आणलं. गुरुवारी शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणाली, "अगं, दार काढ ना. बाहेर पडायचं म्हटलं की माणसाला दारच आठवतं." शुक्रवारी तिने भलंमोठं नारिंगी दार काढलं.

रोज ऑफिसातून आल्यावर ती बाबांजवळ बसायची. बाबा केंद्रात जायचे, थांबायचे. शेवटी ती त्यांचा अंगठा धरून त्यांना मागे आणायची. ते आणू द्यायचे, आणि मग कितीतरी वेळ तिच्या तोंडाकडे बघत राहायचे.

शनिवारी साहेबांचा फोन आला. दुसऱ्या शहरातल्या नव्या टीमबद्दल ते दुसऱ्यांदा विचारत होते.

"नाही सर, दुसऱ्या कोणाला तरी पाठवा," ती हळू आवाजात म्हणाली, कारण बाबा समोरच बसले होते. "मला इथून नाही निघता येणार."

रविवारी सकाळी तिने बाबांची दाढी करून दिली, त्यांना इस्त्रीचा शर्ट घातला. भाऊ आला, बाबांच्या खांद्यावर हात ठेवून शेजारी बसला. तिने फोन बाबांच्या मांडीवर ठेवला.

"बाबा, कुठे राहायचं ते तुम्ही सांगायचंय. आम्ही दोघंही बोलणार नाही."

बाबांनी 'राहायचं' उघडलं. मग केंद्र. आणि थांबले.

भावाने तिच्याकडे बघितलं. तिने ओठ घट्ट मिटून घेतले. दार, बाबा, दार, ती मनातल्या मनात म्हणत होती.

अंगठा हलला. नारिंगी दारावर टेकला. स्क्रीन मागे आली.

आठवडाभरात पहिल्यांदाच, कोणी हात न धरता. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "बघितलंस?" ती भावाला म्हणाली. तोही हसला. "जिंकलीस, ताई."

बाबांनी मग घर उघडलं. खुर्ची बघितली, खिडकी बघितली, तिच्या फोटोवरून अंगठा फिरवला. खालच्या बटणाला मात्र हात लावला नाही. दार दाबून बाहेर आले.

मान वर करून त्यांनी तिच्याकडे बघितलं, मग पुन्हा केंद्रात शिरले आणि जराही न अडखळता बटण दाबलं.

फोनमधून तिचाच आवाज आला, "मला इथे राहायचंय."